कोलंबसच्या विजेतेपदामागची चार वर्षं

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकल्याची छोटी बातमी आपल्या क्रीडा पानावर आली होती. कोल्हापूरहून माझ्या धाकट्या बहिणीने त्या पानाचा फोटो पाठवला. २० जानेवारी २०२५ला अटलांटात नोटर डेम विद्यापीठाला ३४-२३ असं हरवलं, हे बरोबर. पण खेळाडूंवर दोन कोटी डॉलर खर्च झाले आणि त्या पैशातूनच हा चषक आला, असा बातमीचा एकंदर सूर होता. मी गेली बरीच वर्षं ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहते, याच विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत काम करते, आणि हा हंगाम मी पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत पाहिला आहे. पैशाची गोष्ट खोटी नाही. पण तेवढीच सांगितली तर ज्या पोरांनी हे विजेतेपद आणलं त्यांच्यावर अन्याय होतो. म्हणून हे पत्र. लांबेल, तरी छापावं ही विनंती.

पैशाचं आधी बोलते. २०२१च्या जुलैपर्यंत अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूला आपल्या नावावर किंवा चेहऱ्यावर काही कमावायला बंदी होती. मैदानात लाखभर लोक तिकीट काढून बसायचे, टीव्हीचे करार अब्जावधींचे व्हायचे, आणि खेळणाऱ्याच्या हाती शिष्यवृत्ती. ओहायो स्टेटने त्या नियमाचा फटका चांगलाच खाल्लेला आहे. २०१० साली इथल्या काही खेळाडूंनी आपल्याला मिळालेली पदकं, अंगठ्या गोंदवून घेण्याच्या बदल्यात देऊन टाकल्या. प्रकरण उघडकीस आलं, प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना २०११मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि २०१०च्या हंगामातले सगळे विजय कागदोपत्री पुसले गेले. आज त्याच मैदानावरचा खेळाडू जाहिरात करतो, पाठीराख्यांच्या निधीतून पैसे घेतो, आणि ते सगळं कायदेशीर आहे. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्याच्या गुडघ्याचं हाड मोडायचं त्याला मोबदला मिळू नये, हे आधीच्या पिढीला पटलं कसं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

दोन कोटींचा आकडाही खरा. विद्यापीठाचे क्रीडा संचालक रॉस ब्योर्क यांनीच हंगामाआधी साधारण तेवढा सांगितला होता. बाहेरून माणसं आली हेही खरं. क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आला, धावपटू क्विन्शॉन जडकिन्स मिसिसिपीतून, बचाव फळीतला केलब डाऊन्स आणि मधला सेंटर सेथ मॅकलॉक्लिन हे दोघे अलाबामातून. एवढं वाचून कुणालाही वाटेल की हा बाजारातून उचलून आणलेला संघ होता.

पण जॅक सॉयर, जे. टी. टुइमोलोआऊ, एमेका एग्बुका, ट्रेव्हियॉन हेंडरसन, डेन्झेल बर्क, डॉनोव्हन जॅक्सन ही नावं बातमीत कुठेच नव्हती. ही सगळी पोरं २०२१ साली एकाच तुकडीत इथे दाखल झाली. २०२३चा हंगाम संपल्यावर यातल्या बहुतेकांना व्यावसायिक लीगमध्ये जाता आलं असतं. घरच्यांना सुखाने ठेवता येईल इतका पैसा तिथे समोर दिसत होता. त्यांनी एकमेकांशी बोलून आणखी एक वर्ष थांबायचं ठरवलं. कारण एकच, मिशिगन.

इथे मला कोल्हापूरची आठवण काढावी लागते, कारण मी शिवाजी पेठेतली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण या तिथल्या फुटबॉल संघांचा सामना असला की पेठेत दोन दिवस आधीपासून दुसरा विषय नसतो, आणि हरलं की आठवडाभर दुसऱ्या पेठेतून जाताना मान खाली घालून जावं लागतं. वर्षभरात बाकी काय जिंकलंत ते नंतर. ओहायो आणि मिशिगन यांचं नेमकं तसंच आहे, फक्त पेठांच्या जागी दोन राज्यं. टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून १८३५ साली ही राज्यं एकमेकांवर बंदुका घेऊन धावली होती. फुटबॉलचा पहिला सामना १८९७चा. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी हा सामना होतो आणि त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक एम या अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. मिशिगनला हरवणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला सोन्याच्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी, पँटच्या आकाराची एक टिकली मिळते. ही प्रथा १९३४ सालची. फ्रान्सिस श्मिट नावाचे नवे प्रशिक्षक आले होते. मिशिगनची एवढी भीती कशाला, तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात, असं ते म्हणाले आणि त्या बोलण्यावरून ती टिकली आली. गोंदवण्यासाठी गेलेल्या वस्तूंमध्ये या टिकल्याही होत्या, म्हणून तर २०१०चं प्रकरण इथल्या जुन्या माणसांना इतकं लागलं.

२०२१च्या तुकडीकडे ती टिकली नाही. त्या वर्षी ४२-२७ अशी हार, २०२२मध्ये घरच्या मैदानावर ४५-२३, २०२३मध्ये ३०-२४. त्याआधी २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा ओहायो स्टेट जिंकलेलं होतं, त्यामुळे ही घसरण आणखी डोळ्यांवर येत होती. मिशिगन तर २०२३चं राष्ट्रीय विजेतेपदही घेऊन गेलं. या पोरांच्या वाट्याला काय आलं होतं? २०२२च्या ३१ डिसेंबरला अटलांटात जॉर्जियाविरुद्ध शेवटच्या क्षणाची पन्नास यार्डांची किक बाहेर गेली आणि ४२-४१ असा एका गुणाने पराभव झाला. बाहेर नव्या वर्षाचे फटाके वाजत होते आणि ही पोरं मैदानावर बसलेली. त्यातून ती थांबली. हा निर्णय पैशाचा नव्हता. पैसा तर दुसऱ्या बाजूला होता.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे. टोकाच्या पट्टीत चेंडू नेला की टचडाऊन, म्हणजे सहा गुण आणि वर एक किक. खांबांमधून नुसतीच लाथ मारून चेंडू काढला तर तीन. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा देतो, आणि त्याच्यासमोर पाच दांडगी पोरं भिंत करून उभी असतात. या भिंतीवर सगळं अवलंबून.

आणि ओहायो स्टेटची भिंतच हंगामात ढासळली. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनच्या मैदानावर ३२-३१ असा एका गुणाने पराभव झाला. हॉवर्ड चेंडू घेऊन धावला, घसरून खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर आलेलं. त्याच सामन्यात डाव्या टोकाचा जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी गेला. पुढे नोव्हेंबरमध्ये सरावात मॅकलॉक्लिनची टाचेची शीर तुटली. बाजारातून आणलेला सेंटर गेला तो गेलाच. सिमन्सच्या रिकाम्या जागेसाठी चार वर्षांपूर्वी आलेल्या डॉनोव्हन जॅक्सनने आपली नेहमीची जागा सोडली आणि डाव्या टोकाला उभा राहिला. या खेळात अशी जागा बदलणं फार अवघड असतं. पायांची ठेवण वेगळी, समोरून येणारा माणूस वेगळा आणि जास्त चपळ. ज्याला पुढच्या वर्षी व्यावसायिक लीगमध्ये आपली किंमत ठरवून घ्यायची आहे त्याने परक्या जागी उभं राहून सगळ्यांसमोर चुकायची तयारी दाखवणं, याला मी फार मानते.

पेन स्टेटविरुद्धचा सामना मला या संघाची खरी ओळख वाटतो. शेवटच्या चौथ्या भागात त्यांचा चेंडू आमच्या पट्टीपासून तीन यार्डांवर होता. चार प्रयत्न झाले, चारही अडवले. मग आक्रमण फळीने चेंडू घेतला आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ तो परत दिलाच नाही; चार-चार, पाच-पाच यार्ड रेटत घड्याळ संपवलं. २०-१३. त्यानंतर परड्यू, नॉर्थवेस्टर्न आणि तोवर अजिंक्य असलेल्या इंडियानाला ३८-१५. आणि मग ३० नोव्हेंबर आला.

त्या दिवशी मी मैदानात होते. ओहायो स्टेडियम १९२२ साली बांधलेलं, घोड्याच्या नालासारखं, अधिकृत क्षमता १,०२,७८०. आमची जागा वरच्या सज्ज्यात होती, तिथून माणसं बोटाएवढी दिसतात पण डावपेच छान कळतात. मिशिगनचं ते वर्ष अगदीच सुमार होतं, अकरा सामन्यांत पाच हरून आलेले. इथे कुणाच्या मनात शंका नव्हती. मध्यंतराला १०-१० झालं तेव्हाही माणसं हसत होती. दुसऱ्या अर्ध्यात ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. सबंध सामन्यात दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले, दोन किका बाहेर गेल्या, आणि पुन्हा पुन्हा मधूनच धावायचा हट्ट, जिथे मिशिगनचे सर्वांत तगडे दोन गडी उभे होते. बाहेरच्या बाजूला पास झेलणारा जेरेमाया स्मिथसारखा पोरगा मोकळा असताना! पंचेचाळीस सेकंद उरलेली असताना मिशिगनने किक मारली आणि १३-१० झालं. त्यानंतर त्यांनी मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, दोन्ही संघ भिडले, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. जॅक सॉयर तो झेंडा खेचत होता हे वरूनही दिसलं. सॉयर कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टनचा. लहानपणापासून हेच मैदान बघत मोठा झालेला, आणि चौथ्यांदा हरलेला.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले ती सांगते. मैदानातून बाहेर पडताना उतारावरून हजारो लोक प्रशिक्षक रायन डे यांच्या नावाने शिव्या देत चालले होते. त्यांना हाकला, असा घोष चालला होता. ज्याच्या कारकिर्दीत संघ ६६ सामने जिंकला आणि १० हरला त्या माणसाबद्दल. पुढच्या दिवसांत त्यांच्या कुटुंबाला धमक्या आल्या, घराला पहारा ठेवावा लागला. त्यांना शाळेत जाणारी मुलं आहेत. आमच्या इथल्या मराठी माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही त्यांच्या बायकामुलांवरचे विनोद फिरले. गटातले सगळे शिकलेले, मोठ्या हुद्द्यांवरचे, घरी गणपती बसवणारे. मी तिथे लिहिलं की हे काढून टाका. दोघांनी काढलं, एकाने मला खेळातलं काय कळतं असं विचारलं.

मी त्याला उत्तर दिलं ते इथेही देते. रायन डे लहान असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे, लपवलेलं नाही. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने इथल्या नेशनवाइड बालरुग्णालयात मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभा केला. २०२२च्या मार्चमध्ये याच संघातल्या हॅरी मिलर नावाच्या खेळाडूने खेळ सोडताना लिहिलं होतं की जीव द्यायचे विचार येत असल्याचं आपण डे यांना सांगितलं, आणि काही मिनिटांत त्यांनी आपल्याला डॉक्टरांपुढे नेलं. मी रुग्णालयात काम करते. अशा वेळी ती काही मिनिटं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. विषाच्या तपासणीसाठी रात्री-अपरात्री येणाऱ्या नळ्यांवर कोवळी वयं लिहिलेली असतात. ज्या माणसाने एका पोराला त्या नळीपर्यंत जाऊ दिलं नाही, त्याच्या दाराशी एका सामन्यासाठी धमक्या पोचवणारे लोक या शहरातलेच होते. डे यांचे त्या दिवशीचे डावपेच चुकले, हे मी वर लिहिलंच आहे, आणि ते त्यांना सांगायचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यापुढचा हक्क कुणालाही नाही.

पूर्वीची पद्धत असती तर हंगाम तिथेच संपला असता. २०१४पासून चारच संघ अंतिम फेऱ्यांत जायचे. दोन सामने हरलेल्याला दार जवळजवळ बंदच. २०२४च्या हंगामात पहिल्यांदाच बारा संघ घेतले. ओहायो स्टेटला आठवा क्रमांक मिळाला. मधल्या तीन आठवड्यांत खेळाडू आणि प्रशिक्षक बंद दाराआड बसले, एकमेकांना तोंडावर बोलले, असं नंतर त्यांच्याकडूनच कळलं. काय बोलले ते त्यांचं त्यांना माहीत. पण बाहेर पडले ते वेगळे होऊन.

२१ डिसेंबरला टेनेसी कोलंबसला आलं. पारा शून्याच्या खाली. आम्ही पायाखाली पुठ्ठे टाकून, अंगावर गोधडी घेऊन बसलो होतो, कारण सिमेंटमधून येणारा गारठा बुटांच्या तळव्यातून वर चढतो. नारिंगी टोप्या इतक्या दिसत होत्या की आपण कुणाच्या घरी आलोय असं वाटावं. मिशिगनच्या पराभवानंतर आमच्याच पुष्कळ लोकांनी तिकिटं विकून टाकली होती. पहिल्याच चालीत, म्हणजे पहिल्यांदा चेंडू हाती आला त्या खेपेलाच, हॉवर्डने स्मिथकडे लांब पास टाकला आणि टचडाऊन. पहिल्या पंधरा मिनिटांतच २१-०. मधूनच धावायचा हट्ट कुठेच दिसेना. आक्रमणाची सूत्रं चिप केली यांच्याकडे होती. डे न्यू हॅम्पशरच्या कॉलेजात क्वार्टरबॅक असताना हेच त्यांचे गुरू. मोठ्या विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून ते शिष्याच्या हाताखाली आलेले. ४२-१७. माझ्या शेजारी बसलेल्या टेनेसीच्या आजोबांनी उठताना माझ्या हातात आपली हात शेकायची पुडी ठेवली आणि तुमचा संघ आता कुणाला थांबत नाही म्हणाले.

१ जानेवारीला पासाडेनात ओरेगॉन, ज्याने आम्हाला एका गुणाने हरवलं होतं तोच, तोवर अजिंक्य असलेला संघ. मध्यंतराच्या आधी ३४-० झालं होतं. शेवटी ४१-२१. हेंडरसन, एग्बुका, स्मिथ, कुणाला अडवावं हेच त्यांना कळेना.

टेक्ससविरुद्धच्या उपांत्य सामन्याबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं. १० जानेवारी, आर्लिंग्टन. ओहायो स्टेट २१-१४ पुढे, आणि टेक्ससचा चेंडू पट्टीपासून एका यार्डावर. एक पाऊल टाकलं की बरोबरी. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी चेंडू बाहेरच्या बाजूने नेला आणि बचाव फळीने तो धावणारा सात यार्ड मागे पाडला. पुढचा पास वाया गेला. चौथा प्रयत्न, आठ यार्ड. त्यांच्या क्वार्टरबॅकने, क्विन एवर्सने, चेंडू मागे घेतला आणि सॉयर भिंतीला वळसा घालून त्याच्या अंगावर आला. एवर्स २०२१मध्ये काही महिने ओहायो स्टेटलाच होता, सॉयरच्याच खोलीत राहायचा. सॉयरच्या हाताने चेंडू उडाला, उसळून सॉयरच्याच हातात आला, आणि तो अवाढव्य देहाचा पोरगा मोकळ्या मैदानातून धावत सुटला. ८३ यार्ड. मागून कुणी येतंय का हे त्याने एकदा पाहिलं, मग पाहिलंच नाही. मी त्या रात्री कामावर होते. प्रयोगशाळेच्या विश्रांतीच्या खोलीत सात-आठ जण उभे राहून पाहत होतो. आमच्याकडची एक वयस्कर तंत्रज्ञ, जिचा मुलगा पिकरिंग्टनला शाळेत होता, ती धाव सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत ओट्यावर हात आपटत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अंतिम सामन्यात नोटर डेमने पहिल्याच चालीत अठरा डाव खेळून, पावणेदहा मिनिटं चेंडू ठेवून टचडाऊन केलं. एखादा संघ तिथेच बिथरला असता. हॉवर्डने त्यानंतर सलग तेरा पास अचूक टाकले. पहिल्या चारही चालींत टचडाऊन. जडकिन्सने तीन टचडाऊन केले, त्याची सत्तर यार्डांची धाव तर पाहण्यासारखी होती. ३१-७ वरून नोटर डेमने ३१-२३ पर्यंत आणलं, हे त्यांचं कौतुक. त्यांचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हे ओहायो स्टेटचेच माजी खेळाडू. शेवटच्या मिनिटांत तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत. पास अडला असता तर चेंडू परत नोटर डेमकडे. इथे धावून घड्याळ संपवायचा भित्रा मार्ग मोकळा होता. डे आणि केली यांनी पास टाकायला सांगितलं. हॉवर्डने पहिल्या वर्षाच्या स्मिथकडे लांब चेंडू टाकला, छप्पन्न यार्ड. ३० नोव्हेंबरला जे करायला हवं होतं ते इथे केलं. मग फिल्डिंगने किक मारली. मिशिगनविरुद्ध ज्याच्या दोन किका चुकल्या होत्या तोच हा जेडन फिल्डिंग. त्याला काढा म्हणणारेही कमी नव्हते.

अटलांटा तेच शहर, जिथे दोन वर्षांपूर्वी या तुकडीची किक बाहेर गेली होती.

२६ जानेवारीला, तिकडे प्रजासत्ताक दिन असताना, इथे स्टेडियममध्ये सत्कार झाला. रुग्णालयातून चालत दहा मिनिटांवर असल्याने मी गेले. थंडी होती, तरी लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. डे बोलायला उभे राहिले तेव्हा मोठा जल्लोष झाला. त्या गर्दीत नोव्हेंबरला घोष करणारेही असणार. मला त्या जल्लोषात मोकळेपणाने सामील होता आलं नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. आनंद झालाच, खूप झाला. पण त्यांच्यापैकी कुणीतरी माईकवरून त्या कुटुंबाची माफी मागायला हवी होती असं मला वाटत होतं. विद्यापीठाने नाही, आम्ही पाठीराख्यांनी. आमच्या मराठी गटावर आता सगळे चषकाचे फोटो टाकतायत, आणि माफीबद्दल मी विचारलं तर जुनं कशाला उकरतेस असं उत्तर आलं. दोन महिन्यांपूर्वीचं जुनं कसं?

सॉयर, टुइमोलोआऊ, एग्बुका, हेंडरसन, बर्क, जॅक्सन आता जातील. राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी घेऊन जातील, मिशिगनची सोन्याची टिकली त्यांना कधीच मिळणार नाही. याचं दुःख त्यांना आहे हे ते लपवत नाहीत, आणि म्हणूनच पैशाने विकत घेतलेला संघ हे शब्द मला टोचले. दोन कोटींत भिंतीतला सेंटर येतो, क्वार्टरबॅक येतो. एका यार्डावर उभं राहून चार प्रयत्न अडवणारा बचाव मिशिगनशी चार वेळा एकत्र हरलेल्या माणसांचा होता.

संपादक महोदय, आपल्या बातमीत आणखी एक दुरुस्ती हवी. संघाचा उल्लेख ओहायो राज्याचा संघ असा झाला आहे. तो राज्य सरकारचा किंवा राज्याचा निवडक संघ नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी या कोलंबसमधल्या सरकारी विद्यापीठाचा संघ आहे, आणि खेळाडू तिथे शिकणारे विद्यार्थी आहेत. ओहायोत कॉलेजांचे असे आणखी कितीतरी संघ आहेत. यातल्या अ‍ॅक्रनला तर याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात ओहायो स्टेटने ५२-६ असं हरवलं होतं.

पुढच्या हंगामाचा पहिला सामना ३० ऑगस्ट २०२५चा, कोलंबसलाच, समोर पुन्हा टेक्सस. मिशिगनशी गाठ २९ नोव्हेंबर २०२५ची, त्यांच्या अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर. तिथे काहीही झालं तरी आपल्या पानावर त्याची बातमी यावी, आणि ती नुसत्या डॉलरच्या आकड्याने सुरू होऊ नये. सामन्याचं वर्णन हवं असेल तर मी आनंदाने लिहून पाठवीन.

कळावे,
आपली एक वाचक,
मूळची शिवाजी पेठ, कोल्हापूर. सध्या कोलंबस, ओहायो